दीड ते चारच्या मधली नोंद

संपादकांनी पत्रात लिहिलं होतं की कॉम्प्युटरच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना असलं वाचायला आवडतं. गमती आहेत. त्यातली एक आधी सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही, आणि पुढची गोष्ट गमतीची नाही.

बुलढाण्यात एका सरकारी कार्यालयाच्या मागच्या खोलीत मी अकरा वर्षं बसलो. नोकरी सरकारी नव्हती. कामाचं कंत्राट पुण्याच्या एका कंपनीकडे होतं आणि मी कंपनीचा माणूस. सुरुवात टायपिंगपासून केली, चाळिशी ओलांडल्यावर जावा शिकलो. जावा ही प्रोग्राम लिहिण्याची एक भाषा. त्या भाषेत लिहिलेली आमची वेबसाइट होती. बियाणं उगवलं नाही, गारपीट झाली, पीक गेलं, असले शेतकऱ्यांचे अर्ज गावोगावच्या सेवा केंद्रांतून तिच्यावर भरले जायचे. वेबसाइट चालती ठेवणं एवढंच माझं काम. ते चोवीस तासांचं होतं, पण पगार आठ तासांचा.

या कामात माणसाचे डोळे म्हणजे लॉग. लॉग ही प्रोग्रामची स्वतःची रोजवही. मोटार बिघडली तर आवाज येतो, वास येतो. प्रोग्राम बिघडला तर काहीच येत नाही, तो गप्प होतो. म्हणून लिहिणाऱ्यानं आधीच ठिकठिकाणी सांगून ठेवायचं असतं की इथं आलास की एक ओळ लिही. अमुक वाजता, अमुक केंद्रावरून, अमुक नंबरचा अर्ज मिळाला. या ओळींच्याही पायऱ्या असतात. साधी माहिती सगळ्यांत खालची, तिच्या वर इशारा, त्याच्या वर चूक. कुठल्या पायरीपासून वरचं लिहायचं ते एका छोट्या फाइलमध्ये ठरवून देता येतं.

आता ती गंमत. लोणार तालुक्यातल्या बीबीच्या केंद्रावर एक मुलगी ऑपरेटर होती. लॉगमध्ये तिच्या नावानं रोज पहाटे चार-साडेचारपासून अर्ज भरलेले दिसत. केंद्र उघडायचं सकाळी साडेनऊला. साहेबांनी ठरवून टाकलं की तिचा पासवर्ड बाहेर गेलाय, कुणीतरी पहाटे बोगस अर्ज भरतंय. मुलीला काढायचा कागद तयार झाला. मी एक दिवस मागून घेतला. सगळ्याच केंद्रांच्या वेळा बघितल्या, तर अख्खा जिल्हा पहाटे कामाला लागून दुपारी जेवणाच्या आत घरी जात होता. नवीन सर्व्हरचं घड्याळ विलायतेच्या वेळेवर राहिलं होतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. मुलगी सुटली. तिचे वडील बसनं पिशवीभर कुरडया घेऊन आले आणि मला म्हणाले, "साहेब, तुमी मशीनले बोलतं केलं."

तेव्हापासून मी कार्यालयात 'लॉगवाले इंगळे' झालो. कुठं वाद झाला की साहेब म्हणायचे, भांडू नका, इंगळेला विचारा नोंद काय म्हणते ते. मीही तसंच बोलायला लागलो. माणूस खोटं बोलेल, नोंद बोलणार नाही, हे माझंच वाक्य. मी ते ट्रेनिंगला येणाऱ्या पोरापोरींना ऐकवायचो.

लॉगमधल्या ओळी गायब झाल्या की कसं शोधायचं, यात तर माझा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. बहुतेक वेळा कारण साधं असतं. डिस्क भरलेली असते. नाहीतर तुम्ही एका फोल्डरमध्ये बघताय आणि प्रोग्राम दुसरीकडेच लिहितोय. कधी पायरी चुकून वर ठेवलेली असते. एकदा एसएमएस पाठवायचं तयार सॉफ्टवेअर आमच्यात जोडलं, त्याच्या पोटात त्याची स्वतःची पायऱ्यांची फाइल निघाली, आणि प्रोग्राम आमची सोडून पाहुण्याचीच फाइल वाचत होता. तीन दिवस डोकं धरून बसलो, पण शोधून काढलं. हे सगळं मला येत होतं, हे लक्षात ठेवा. पुढं जे झालं ते न येण्यामुळं झालं नाही.

गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली ते वर्ष. बीटी बियाण्याला अळी लागत नाही असं इतकी वर्षं ऐकलेल्या लोकांच्या शेतात त्या वर्षी बोंडं बाहेरून हिरवीगार, टपोरी आणि फोडली की आत किडका, पिवळा पडलेला कापूस. माझ्या सासुरवाडीला, रोहिणखेडकडे, मी स्वतः एक बोंड फोडून बघितलं होतं. नुकसानीचे अर्ज ऑनलाइन मागवले गेले. मुदत थोडी, जिल्हा मोठा, आमचा सर्व्हर एक. पहिल्याच आठवड्यात वेबसाइट रांगायला लागली. केंद्रांवरून फोन, साहेबांचे फोन, पुण्याहून मॅनेजरचे फोन. मॅनेजर म्हणाले, काहीही करा, वेग वाढवा.

मी वेग वाढवला. तो कसा वाढवला हे नीट सांगतो, कारण माझा गुन्हा तिथंच आहे.

पहिलं, अर्ज आला की तो डेटाबेसमध्ये, म्हणजे कायमच्या साठ्यात जाईपर्यंत ऑपरेटरला थांबावं लागे. मी असं केलं की अर्ज आल्याबरोबर नंबर द्यायचा, पावती छापू द्यायची, अर्ज तात्पुरता मेमरीत ठेवायचा आणि मागाहून गठ्ठ्यानं साठ्यात टाकायचा. दुसरं, प्रत्येक ओळ डिस्कवर लिहून होईपर्यंतही प्रोग्राम थांबत होता. म्हणून मध्ये एक पेटी ठेवली. प्रोग्रामनं चिठ्ठी पेटीत टाकून पुढं जायचं, आणि मागं एक वेगळा कारकून निवांत एकेक चिठ्ठी काढून वहीत उतरवणार. तसल्या पेटीची सोय तयार मिळते, आठ-दहा ओळी फाइलमध्ये टाकल्या की झालं. मी त्या इंटरनेटवरून उतरवून घेतल्या. सोबत माहितीची दोन पानं होती, ती वाचली नाहीत. शिवाय दारावरची म्हणून आणखी एक वही असते, वेबसाइटवर कोण आलं कोण गेलं एवढंच लिहिणारी. डिस्क फार भरते म्हणून ती बंद केली.

वेबसाइट पळायला लागली. साहेबांनी चहा मागवला.

मुदतीचा शेवटचा दिवस. संध्याकाळी सहाला अर्ज बंद होणार होते. दुपारी दीडच्या सुमारास डेटाबेस अडकला. लॉगमध्ये चुकांच्या ओळी धडाधड पडायला लागल्या, एकेक चूक चाळीस-पन्नास ओळींची. मी अडीच तास झटलो. चार वाजता साहेब खोलीत येऊन माझ्या खुर्चीमागं उभे राहिले आणि म्हणाले, "इंगळे, बंद करून चालू करा. जे होईल ते होईल." मी बंद करून चालू केलं. दोन मिनिटांत सगळं सुरळीत. सहापर्यंत अर्ज येत राहिले. मी घरी जाऊन जेवून झोपलो.

महिनाभरानं मदतीची यादी लागली, आणि जळगाव जामोदहून तक्रार आली.

जळगावला शेख रफिक नावाचा माणूस सेवा केंद्र चालवायचा, पस्तिशीचा. त्याचे वडील तहसीलसमोर झाडाखाली टेबल टाकून आयुष्यभर लोकांचे अर्ज लिहून देत. त्यांची एक पद्धत होती. अर्ज लिहायच्या आधी लांब वहीत माणसाचं नाव, गाव, काम आणि घड्याळात बघून वेळ लिहायची, पुढं सही किंवा अंगठा घ्यायचा, आणि शेवटचा 'शेरा' हा रकाना मोकळा सोडायचा. काम झालं की त्यात शेरा. वडील गेले, झाडाखालचं टेबल गेलं, पोरानं कॉम्प्युटर घेतला, पण वही चालू ठेवली. इतर केंद्रवाले त्याला हसायचे.

त्याच्याकडून अर्ज भरलेली सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातली एकेचाळीस माणसं यादीत नव्हती. सगळ्यांकडे पावत्या होत्या. पावत्यांवरचे नंबर साठ्यात बघितले, तर ते नंबर दुसऱ्याच लोकांचे. कुणी बीबीचा, कुणी मोताळ्याकडचा. सकाळचे आणि संध्याकाळचे रफिकनं भरलेले अर्ज जागेवर होते. फक्त दुपारचे नव्हते. कार्यालयातल्या लोकांना उत्तर लगेच सुचलं. दुपारी साइट अडकली, गर्दी आवरेना, म्हणून यानं जुन्या पावत्यांवर नावं बदलून कागद वाटले, अर्ज भरायचे पैसे घेतले आणि लोकांना घरी पाठवलं.

साहेबांनी नेहमीचं वाक्य म्हटलं. इंगळेला विचारा.

रफिक दोन गाड्या बदलून बुलढाण्याला आला. ती वही त्यानं फडक्यात बांधून आणली होती. माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून त्यानं ती उघडली. दीड वाजल्यापासून चारपर्यंत एकेचाळीस नावं, प्रत्येकापुढं मिनिटासकट वेळ, प्रत्येकापुढं सही नाहीतर अंगठा. मी लॉग उघडला. दीड ते चार. त्याच्या केंद्राची एकही ओळ नाही. दुसऱ्याही केंद्रांच्या तुरळकच होत्या, पण साइटच अडकलेली म्हटल्यावर त्यात मला नवल वाटलं नाही. चुकांच्या ओळी मात्र शेकड्यांनी. म्हणजे वही त्या वेळी चालू होती, लिहीत होती. वही चालू आहे आणि अर्जाची ओळ नाही, याचा अर्थ अर्ज आलाच नाही. मी त्याला हे असंच समजावलं.

तो म्हणाला, "साहेब, माह्या पुढं स्क्रीनवर नंबर आला. म्या तो छापला. मी झूट काऊन बोलू?"

मी म्हटलं, थांबा, तुमच्यासमोर तपासतो. त्याच्याच नावानं लॉगिन करून तीन खोटे अर्ज भरले. लॉगमध्ये लगेच तीन ओळी. स्क्रीन त्याच्याकडे वळवून दाखवली. त्यानं त्या तीन ओळी वाचल्या. मग वही मिटली, फडक्याची गाठ मारली आणि हळू आवाजात म्हणाला, "आता तं मलेच माह्यावर शंका येऊन राह्यली."

ते वाक्य मला त्या दिवशी टोचलं नाही. उलट बरं वाटलं की माणसानं मान्य केलं. मी अहवाल लिहिला. लॉग यंत्रणा मी स्वतः तपासली, ती व्यवस्थित चालते, सदर कालावधीत सदर केंद्राकडून अर्ज आल्याची नोंद नाही. खाली सही.

आता कुणीही विचारेल की पावतीवरची वेळ दुपारची आणि तोच नंबर साठ्यात लागला तो संध्याकाळी पाचला, मग न लागलेला नंबर दुपारीच त्याला कसा कळला? मला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. वेळ काय, कुणीही टाइप करू शकतो, असं साहेब म्हणाले आणि मी मान हलवली.

सुनावणीची तारीख लागली. तिच्या आधीच्या शुक्रवारी यादीतल्या चुका दुरुस्त करायची शेवटची मुदत होती, म्हणून पुन्हा तशीच गर्दी. माझ्या मेहुण्याच्या नावाची दुरुस्ती मी माझ्याच टेबलावरून भरली आणि सवयीनं लॉगमध्ये ती ओळ बघायला गेलो.

ओळ नव्हती.

साठ्यात बघितलं, तर दुरुस्ती झालेली. अर्ज आहे आणि नोंद नाही. मी खुर्चीत सरळ बसलो. पुन्हा एक भरली. आहे, पण नोंद नाही. डिस्क बघितली, मोकळी. फोल्डर बरोबर. पायऱ्यांची फाइल आमचीच, पायरी बरोबर. दुपार उलटली, गर्दी ओसरली, तशा ओळी आपोआप यायला लागल्या. मी कशालाही हात लावला नव्हता.

शनिवारी कार्यालयाला सुट्टी. मी एकटा येऊन बसलो. एक छोटा प्रोग्राम लिहिला, जो आपणहून एकामागून एक अर्ज पाठवेल. दहा पाठवले, दहा ओळी. पन्नास पाठवले, पन्नास ओळी. मग मुद्दाम डेटाबेस अडकवला, चुकांचा पाऊस पाडला आणि त्यात दोनशे अर्ज पाठवले. चुका सगळ्या उतरल्या. अर्जांच्या ओळी सहा.

मग मी ती दोन पानं वाचली, जी पहिल्या दिवशी वाचायला हवी होती. साध्या भाषेत लिहिलेलं होतं. पेटीत जागा ठरावीक. पेटी पाचातले चार भाग भरली की साध्या माहितीच्या चिठ्ठ्या फेकून द्यायच्या, फक्त इशारे आणि चुका ठेवायच्या. फेकल्याचं कुठंही लिहायचं नाही. कुणी वेगळं सांगितलं नाही तर पेटीचा नियम हाच. मी वेगळं काही सांगितलं नव्हतं.

म्हणजे त्या दिवशी दुपारी डेटाबेस अडकला. रफिकचे अर्ज आले, त्यांना नंबर मिळाले, पावत्या छापल्या गेल्या, अर्ज मेमरीत साचत राहिले. चुकांनी पेटी भरली आणि त्या अर्जांच्या चिठ्ठ्या फेकल्या गेल्या. चार वाजता मी बंद करून चालू केलं, तेव्हा मेमरीतले अर्ज पुसले गेले. चालू झालेल्या प्रोग्रामनं साठ्यातला शेवटचा नंबर बघितला आणि तिथून पुढं तेच नंबर दुसऱ्यांना वाटले. रफिकसमोर तीन अर्ज भरून मी जी परीक्षा घेतली, ती रिकाम्या दुपारी, रिकाम्या पेटीवर. त्या परीक्षेत लॉग नापास होणं शक्यच नव्हतं.

रफिकसारखे दुसऱ्या केंद्रांवरचेही अर्ज गेले असणार. बऱ्याच ठिकाणी पान उघडतच नव्हतं, काहींनी संध्याकाळी पुन्हा भरले. पण किती जणांचे कायमचे गेले ते मला माहीत नाही आणि अंदाजानं आकडा लिहिणार नाही.

मी पुण्याला फोन केला. मॅनेजरनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "अहवालावर सही कुणाची आहे?" मी म्हटलं, माझी. ते म्हणाले, "मग काका, तुम्हीच ठरवा. मी तुमच्या जागी असतो तर ती पेटी आज दुरुस्त केली असती आणि सोमवारी कमी बोललो असतो." त्यांना दोष देत नाही. त्यांनी मला गप्प बसवलं नाही. ठरवायला मलाच सांगितलं होतं.

मी पेटीच्या फाइलमध्ये ती दुरुस्ती केली. एका आकड्याचा फरक. पेटी भरली तरी काही फेकू नकोस, वाटल्यास प्रोग्रामला थांबव.

निवृत्तीला आठ महिने उरले होते. लोकांना सांगायला हे कारण बरं आहे, पण खरं ते नाही. नोकरी गेली असती तर गेली असती. मला भीती नावाची होती. ज्यानं मशीनला बोलतं केलं, त्याचंच मशीन मुकं होतं आणि त्यानंच ते मुकं केलं, हे त्याच साहेबांसमोर उभं राहून सांगायचं होतं.

सोमवारी सुनावणी झाली. गावातले दहाएक जण आले होते. त्यात कमलाबाई तायडे नावाच्या साठीच्या बाई होत्या, बौद्ध वस्तीतल्या, नवरा गेल्यावर स्वतः शेती करणाऱ्या. अधिकाऱ्यांनी माझा अहवाल वाचून दाखवला आणि मला विचारलं, "इंगळे, नोंद नाही म्हणजे अर्ज आलाच नाही, असंच ना?"

रफिक माझ्याकडे बघत होता. रागानं नव्हे. आशेनं बघत होता. त्या शनिवारचं त्याला काहीच माहीत नव्हतं, तरी बघत होता.

मी म्हटलं, "होय साहेब."

रफिकचं केंद्र बंद करायचं ठरलं. बाहेर व्हरांड्यात कमलाबाई त्याच्यासमोर थांबल्या आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "तुह्या बापानं असं नसतं केलं रे." तो वही छातीशी धरून उभा होता. मी खिडकीच्या आत.

आठ महिन्यांनी निरोप समारंभ झाला. शाल, नारळ आणि भाषणात ती घड्याळाची गंमत. त्या शुक्रवारचा आणि अर्जांच्या शेवटच्या दिवसाचा लॉग, जुनी फाइल, माझी शनिवारची परीक्षा, सगळं एका पेन ड्राइव्हमध्ये घालून मी घरी आणलं होतं. कपाटात, गॅसच्या कार्डाशेजारी.

यंदा संपादकांचं पत्र आल्यावर मी हौसेनं लिहायला बसलो. कुरडयांपर्यंत लिहून झालं तेव्हा बायकोला वाचायला दिलं. ती हसली. कागद परत देताना म्हणाली, "छान लिहिलंय. आणि तो जळगावचा? त्याचं कोण लिहील?" तिला मी एकदाच सांगितलं होतं, निवृत्तीच्या रात्री. इतक्या वर्षांत तिनं पुन्हा विषय काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी पेन ड्राइव्हमधले कागद छापून घेतले आणि जळगाव जामोदची बस धरली.

रफिक आता मोबाइल दुरुस्त करतो. बसस्टँडजवळ छोटं दुकान. दाढीत पांढरं आलंय. त्यानं मला ओळखलं, पण ओळख दाखवायच्या आधी हातातला फोन पुरता जोडून गिऱ्हाइकाला दिला. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पेटी, चिठ्ठ्या, चार वाजता बंद करून चालू केलं ते, शनिवार, सोमवार. कागद पुढं ठेवले. त्यानं ते वाचले नाहीत.

"मले काऊन सांगून राह्यले?" तो म्हणाला. "मले तं माहीतच होतं. मधी दोनचार महिने शंका आली होती, तुमी ते तीन अर्ज दाखवले तवा. मंग तेही गेली. ज्याले माहीत नाही त्याले सांगा ना साहेब."

मी म्हटलं, चल माझ्याबरोबर गावात.

"मी लय येळा गेलो त्या गावात. दारोदार. आता तुमी जा."

मी गेलो. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसलो, येतील त्यांना सांगत गेलो. एक जण म्हणाला, आता सांगून काय उपेग, मदत वाटून वर्षं झाली. खरं होतं. दुसरा म्हणाला, तुमच्यावर केस होऊ शकते. मी म्हटलं, होऊ शकते. जळगावची बस धरण्याआधीच मी कार्यालयाच्या नावे सगळं लेखी पाठवलंय, पोच माझ्याकडे आहे, उत्तर अजून नाही.

कमलाबाई शेवटी आल्या. काठी घेऊन चालत होत्या. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे त्या दिवशी तो कागद खरा होता?"

"खरा होता."

"अन तुमाले तवाच मालूम होतं?"

"सुनावणीच्या आधी दोन दिवस मालूम झालं होतं."

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मग त्या घरी गेल्या, रेशन कार्डाची प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "जळगावची गाडी कितीले हाय?"

तीनच्या गाडीत त्या आणि आणखी पाच जण माझ्याबरोबर बसले.

रफिकच्या दुकानात सहा माणसं मावत नाहीत. तिघं बाहेर पायरीवर थांबले. कमलाबाईंनी पिशवीतून घडीवर घडी घातलेली पावती काढून काउंटरवर ठेवली. खोटी म्हणून सगळ्या जगानं सांगितलेली पावती त्यांनी इतकी वर्षं टाकली नव्हती. रफिक ती हातात न घेता बघत राहिला. मग मागच्या फळीवरून त्यानं वही काढली. फडकं तेच होतं. त्यानं पान उघडलं, बोट खाली खाली नेलं आणि वाचलं, "कमलाबाई तायडे. दोन वाजून सतरा मिनटं."

"हाव," त्या म्हणाल्या. "मीच होती."

त्यानं बाकीच्या पाचांची नावं वाचली. ज्याचं नाव त्यानं हाव म्हटलं. बाहेरच्यांनी पायरीवरून म्हटलं. कमलाबाई म्हणाल्या, "बापाची वही तशीच ठेवली तू." वही त्यानं माझ्याकडे फिरवली आणि वर पेन ठेवलं. एकेचाळीस ओळी, आणि शेवटचा शेऱ्याचा रकाना वरपासून खालपर्यंत मोकळा.

मी पहिल्या ओळीत लिहिलं, अर्ज मिळाला होता. खाली तारीख, सही. दुसऱ्या ओळीत सवयीनं 'वरीलप्रमाणे' लिहायला गेलो, तसं त्यानं वहीवर हात ठेवला.

"वरीलप्रमाणे नका लिहू साहेब. एकेक लिहा."

एकेचाळीस वेळा लिहायला मला पाऊण तास लागला. हात दुखला तेव्हा थांबलो, पुन्हा लिहिलं. परतीची गाडी येऊन गेली. कुणी घाई केली नाही.